तलावात भरलेले तीन फॉर्म

वैद्य सरांनी तीन फॉर्म माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारलं, "कापगते, आपला शेंडे पाण्यावर चालतो का?"

मला प्रश्न कळला नाही. सरांनी मला त्यांच्या स्क्रीनकडे बोलावलं. स्क्रीनवर मोहाडी तालुक्यातल्या एका गावाचा जुना सर्व्हे नकाशा होता. त्यावर तीन लाल ठिपके. तिन्ही ठिपके एका मोठ्या तलावाच्या आत होते, काठापासून चांगले दूर. शेंडेकाकांनी भरलेल्या फॉर्मवर त्याच तीन जागांपुढे लिहिलं होतं, 'पीक उभे आहे: होय.'

"तलावाच्या पोटात पीक," सर म्हणाले. "आणि फोटोचा रकाना रिकामा."

 माझ्या मनात पक्कं झालं की काका तिथे गेलेच नव्हते.

आमचं ऑफिस भंडाऱ्याला आहे. सात माणसं, वर पत्रा. उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन मोजायचं काम आम्ही करतो. तेव्हा हातात असलेलं काम आमच्या ऑफिसच्या मानाने फार मोठं होतं. एका संस्थेला भारत आणि बांगलादेश या दोन देशांतल्या पिकाऊ जमिनीची तुलना हवी होती. वीस वर्षांपूर्वी किती होती, आज किती आहे, वाढली की घटली. सगळा देश मोजायचा नव्हता. दोन्हीकडचे धान पिकवणारे काही भाग नमुन्याला घेतले होते. आमच्याकडे आपला झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भाचा भाग आला. बांगलादेशातलं काम तिथल्या खुलना शहरातलं एक ऑफिस करत होतं. शेवटी एकाच ग्राफवर दोन रेघा काढायच्या होत्या.

पिकाऊ जमीन म्हणजे जी नांगरतात आणि जिच्यात हंगामी पीक घेतात ती. एखाद-दोन वर्षं पडीत ठेवलेली बांधी, म्हणजे धानाचं शेत, तेही तिच्यात धरतात. आमराई धरत नाहीत, जंगल धरत नाहीत, तलाव तर नाहीच. दोन देशांनी दोन व्याख्या धरल्या तर तुलनेला अर्थ राहत नाही. म्हणून पहिल्याच मीटिंगमध्ये ठरलं की व्याख्या एक, पद्धत एक, चित्राचा महिनाही एक. नोव्हेंबर ठरला. ढग गेलेले असतात आणि उशिरा पिकणारा भारी धान अजून उभा असतो. खुलन्याकडे आपल्यासारखे जुने सर्व्हे नकाशे नव्हते, म्हणून आम्हीही ते बाजूला ठेवले. सगळं बरोबरीत झालं पाहिजे, असा सरांचा आग्रह होता. मलाही तो पटला होता.

उपग्रहाला वरून फक्त रंग दिसतो. हिरवा ठिपका शेताचा की झुडपाचा, हे त्याला कोणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी त्या जागेवर माणूस पाठवतात. तो तिथे उभा राहून पाहतो आणि फॉर्म भरतो. याला आम्ही ग्राउंड ट्रुथ म्हणतो. फॉर्मवरची उत्तरं आम्ही प्रोग्रामला देतो आणि त्यांवरून तो उरलेल्या लाखो ठिपक्यांचा अंदाज करतो. शाळेत बाई फळ्यावर एक गणित सोडवून दाखवतात आणि मुलं बाकीची त्याच रीतीने सोडवतात, तसं हे आहे. फळ्यावरचं चुकलं की सगळ्या वर्गाचं चुकतं.

आमच्याकडे फळ्यावरचं गणित सोडवायचं काम शेंडेकाकांचं होतं. वय पन्नाशीच्या पुढे, गाव आंधळगाव, नोकरी कॉन्ट्रॅक्टवर. जागा शोधायचं जीपीएस मशीन ते दोरीने गळ्यात बांधत. कुठे जायचं ते ठिपके कॉम्प्युटर निवडतो. ज्या रंगाबद्दल त्याला शंका असते, तिथले ठिपके तो जास्त निवडतो. काकांच्या हातात पडणाऱ्या यादीत नुसते आकडे असतात. तिथे शेत आहे की तलाव, ते यादीवरून कळत नाही. मशीन नेईल तिकडे जायचं आणि फॉर्म भरायचा. ते फॉर्म तपासायची जबाबदारी माझी होती.

पहिला ग्राफ निघाला तेव्हा आपली रेघ वर जात होती आणि बांगलादेशची खाली. संस्थेला तो फार आवडला. रिपोर्टच्या मुखपृष्ठावरच घेऊ, असं त्यांनी कळवलं. सरांनी ऑफिसला समोसे मागवले.

मला तो ग्राफ खटकत होता. मी लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीची. आमच्या गावात शेताची घरं झालेली मी पाहिली आहेत. शेतातून रस्ता गेलेला पाहिला आहे. नवीन शेत निघालेलं कधी पाहिलं नाही. मग ही जमीन आली कुठून? पण तेव्हा माझा संशय गेला तो खुलन्यावर. वाटलं, त्यांनीच काहीतरी जास्त कापलं असेल, म्हणून शेजारी आपली रेघ उंच दिसते.

त्यांना आमच्यावर संशय होता. तिकडचं काम पाहणाऱ्या नसरीन आपा व्हिडिओ कॉलवर टीव्हीवरून शिकलेलं हिंदी बोलायच्या. ग्राफ बघून त्या म्हणाल्या, "दीदी, आपके उधर ज़मीन भी बोते हैं क्या? हर साल उग रही है."

सर हसले. मग माइक बंद करून मला म्हणाले, "यांची खाली जातेय ना, म्हणून टोचतं."

पण ते वाक्य सरांनाही लागलं असावं. आपा चुकीच्या आहेत हे दाखवायला त्यांनी आमचे जुने सर्व्हे नकाशे काढले आणि चित्राखाली घालून पाहिले. त्यात ते तीन ठिपके तलावात निघाले.

एकदा संशय आला की सगळं त्याच बाजूला झुकतं. मी काकांचे सगळे फॉर्म काढून बसले. तिन्ही जागांच्या वेळा काही मिनिटांच्या अंतराने होत्या. तलावाच्या मधोमध इतक्या भराभर कोण फिरतं? अक्षर वाकडंतिकडं, जणू मांडीवर कागद ठेवून लिहिलेलं. एका फॉर्मवर गोल डाग होता, मी तो चहाचा ठरवला. त्या दिवशी काका ऑफिसला लवकर परतले होते, तेही आठवलं. अशी गोष्ट आमच्या धंद्यात नवीन नाही. सरांच्या आधीच्या नोकरीत एका सर्व्हेअरने अख्ख्या तालुक्याचे फॉर्म टपरीवर बसून भरले होते. सर ती गोष्ट दर महिन्याला सांगतात.

सरांनी फोन करून काकांना ऑफिसला येऊ नका म्हणून सांगितलं. मग कॉन्ट्रॅक्ट बंद करायचं पत्र टाइप केलं. शनिवारी ते द्यायचं होतं. खाली दोन सह्या लागतात, एक सरांची आणि एक फील्डचं काम तपासणाऱ्याची, म्हणजे माझी. पत्रात 'बनावट नोंदी' असा शब्द होता. असा शब्द लागलेल्या माणसाला जिल्ह्यात पुन्हा सर्व्हेचं काम मिळत नाही. या वयात शेंडेकाकांना दुसरं कोणतं काम कोण देणार होतं?

सरांना नाही म्हणणं मला सोपं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शिकले ते सगळं लाखांदूरच्या शाळेत आणि मग भंडाऱ्याला, मराठीतून. नोकरीच्या मुलाखतीत मला इंग्रजीत स्वतःची ओळख सांगता आली नव्हती. दोन वाक्यांत अडकले होते. सर म्हणाले होते, राहू दे, नकाशा वाचता येतो का ते दाखव. मी दाखवला आणि त्यांनी मला घेतलं. ते मी विसरलेले नाही.

मी म्हणाले, "सर, सही करते. पण पत्राला पुरावा जोडू. मी जाऊन तलावाचा फोटो काढून आणते. उघडं पाणी दिसलं की बोलायला जागा राहणार नाही."

सर म्हणाले, "जा. उद्याच जा."

काकांवर दया येऊन मी निघाले असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी त्यांच्याविरुद्धचा पुरावा आणायला निघाले होते.

गुरुवारी सकाळी एसटीने आंधळगावला उतरले. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेतला आणि मालकाला सहज विचारल्यासारखं विचारलं, गळ्यात मशीन बांधलेला एक माणूस इथे बसतो का?

"शेंडे ना? रोज बसते जी," तो म्हणाला. "काहून, काही केलं का त्यानं?"

मी काही नाही म्हटलं आणि वहीत लिहून घेतलं, 'हॉटेलात रोज बसतात.' ते त्यांचंच गाव आहे, माणूस आपल्या गावच्या हॉटेलात बसणारच, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

तिथून ऑटोने पुढच्या गावाला गेले. मोबाइलवर ते तीन ठिपके होतेच. रस्ता सोडून शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने चालत तलावाच्या पाळीपाशी, त्याच्या मातीच्या बांधापाशी पोचले. आपल्याकडचे हे जुने तलाव मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, त्यांच्या पाळी चांगल्या उंच असतात. वर चढले आणि समोर पाहिलं.

समोर पाणी नव्हतं.

या काठापासून त्या काठापर्यंत हिरवं होतं. तळहाताएवढी पानं एकमेकांना चिकटून पसरलेली, मधूनमधून अरुंद वाटा. माझी जागा चुकली असं वाटून मी मोबाइल पाहिला. जागा बरोबर होती. मग त्या हिरव्यातून एक डोंगा सरकताना दिसला. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद नाव. त्यात एक माणूस उकिडवा बसून पानांचे झुपके उलटे करत होता आणि खालून काहीतरी तोडून टोपलीत टाकत होता.

शिंगाडे.

उकडलेले शिंगाडे मी लहानपणापासून खाल्ले आहेत. लाखांदूरच्या स्टँडवर पानात मिळायचे. पण आमच्या गावच्या बोडीत, त्या लहान तळ्यात, शिंगाडा लावत नसत. पाण्यावर वाढताना तो कसा दिसतो, हे मी नीट कधी पाहिलंच नव्हतं.

पाळीखाली काही बाया शिंगाड्यांच्या ढिगाभोवती बसून निवडत होत्या. मला पाहून बोलणं थांबलं. माझ्या हातात नकाशा, खांद्याला लॅपटॉपची बॅग. त्यांच्यातल्या मोठ्या बाई सुमनबाई. त्या मच्छीमार सोसायटीच्या सभासद आहेत हे नंतर कळलं. त्यांनी बसल्या जागेवरूनच विचारलं, "कोनाकडून आल्या जी?"

मी म्हटलं, ऑफिसकडून, भंडाऱ्याहून.

"तलाव मोजाले आल्या का? कोनाले देऊन राहिले?"

मी तलाव कोणाला द्यायला आलेले नाही, हे त्यांना पटवायला बराच वेळ गेला. नकाशावाली माणसं आली की तलावाचं काहीतरी होतं, असा त्यांचा अनुभव. एकीने माझ्या बॅगेकडे बघत दुसरीच्या कानात काही सांगितलं आणि त्या दोघी हसल्या. शेवटी मी शेंडेकाकांचं नाव घेतलं. तेव्हा सुमनबाईंचा चेहरा बदलला.

"थो डबीवाला?" त्या म्हणाल्या. "गळ्यात डबी बांधून आला होता थो?"

मग तिघीचौघींनी मिळून मला त्या दिवशीची गोष्ट सांगितली. काका पाळीवर आले आणि म्हणाले, मले मधात जायचं हाय. बायांनी सांगितलं, काठावरून पाहा अन् लिवा, कोन पाह्यते? पण ते ऐकेनात. मशीन म्हणते आणखी पुढं, मशीन म्हणते आणखी पुढं, हे एकच पालुपद. मग सुमनबाईंच्या मालकांनी त्यांना डोंग्यात घेतलं. त्या डोंग्यात एक माणूस आणि एक टोपली मावते. टोपली खाली ठेवली आणि काका टोपलीच्या जागी बसले. फॉर्मची पिशवी दातात धरलेली. फोन पाण्यात पडू नये म्हणून सुमनबाईंच्या ओटीत ठेवून गेलेले. एका जागी डोंगा कलंडताकलंडता राहिला, वेलही तुटले. त्यावर सुमनबाईंच्या मालकांनी त्यांना काठावर येईपर्यंत शिव्या दिल्या. काकांनी त्या निमूट ऐकल्या आणि शेवटचा फॉर्मही मांडीवर ठेवून भरला.

वाकडं अक्षर, थोड्या मिनिटांत तीन जागा, रिकामा फोटो, कागदावरचा डाग. माझे सगळे पुरावे एकेक करून ओले झाले.

मी विचारलं, "त्यांनी पीक आहे असं लिहिलं ना?"

"मले इचारलं त्यानं," सुमनबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं, डोरे फुटले का तुले? आसाडात लावनी केली, औषध मारलं, आता तोडून राहिलो. पीक नाही तं काय गवत हाय हे?"

त्या चुकीचं काहीच बोलत नव्हत्या. मी त्यांना विचारलं, शिंगाडा पहिल्यापासून असाच लावता का? त्या म्हणाल्या, पयले एका कोन्यात लावत होतो. मासोळीवर भागेना म्हणून मग अर्ध्या तलावात लावला, अन् आता सगळ्यात. आजूबाजूच्या गावांनीही तेच केलं.

तिथे पाळीवर उभी असतानाच मला आपली रेघ वर का जाते ते कळलं. वीस वर्षांपूर्वीच्या चित्रात तलाव निळे होते. मग दरवर्षी थोडे थोडे हिरवे होत गेले. नेमक्या नोव्हेंबरात. त्या हिरव्याच्या रंगाबद्दल कॉम्प्युटरला शंका होती. तसल्या रंगाचे फॉर्म आमच्याकडे तेवढे तीनच होते, त्यामुळे त्याने त्यांचंच ऐकलं. इथे पीक आहे म्हणतात, तर तिकडेही असणार. अशा रीतीने आम्ही सगळ्या झाडीपट्टीतले शिंगाड्याचे तलाव देशाच्या पिकाऊ जमिनीत घातले होते.

सुमनबाईंनी बाजूला पडलेला बांबू उचलला आणि माझ्या हातात दिला. "जमीन शोधून राहिल्या ना तुम्ही? टाका." मी काठाशी वाकून तो पानांमधून खाली घातला. माझा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला, तरी बांबू टेकला नाही. बाया पोटभर हसल्या.

परत जाताना आंधळगावला काकांच्या घरी थांबले. ते अंगणात खाटेवर बसले होते. उठले नाहीत. काकू पाणी घेऊन आल्या आणि पेला देऊन लगेच आत गेल्या.

"तलावावर गेल्या होत्या," काका म्हणाले. बातमी माझ्याआधी पोचली होती. "पाहाले गेल्या की मले पकडाले?"

मी म्हटलं, "पकडायला."

 काका म्हणाले, "बरं झालं, खरं बोलल्या."

मी म्हटलं, काका, फॉर्मवर कुठेतरी एक शब्द लिहायचा होता, तलाव म्हणून.

"कुठं लिवू?" ते म्हणाले. "जुन्या फॉर्मात खाली दोन ओळी होत्या. शेरा म्हणून. थ्या तुम्ही काढल्या. आता होय नाही तं नाही. पीक डोऱ्यानं पाह्यलं, तं नाही कसं लिवू?"

शेऱ्याच्या त्या दोन ओळी मीच काढल्या होत्या. सर्व्हेअर त्यात वाटेल ते लिहीत. कुत्रा मागे लागला. इथे वीज पडली होती म्हणतात. मालक भला माणूस आहे, ताक पाजलं. ते सगळं टाइप करण्यात माझे दोन-दोन दिवस जात. मी फॉर्म आखूड केला, नुसते चौकोन ठेवले, तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं.

"फोन करायचा होता," मी म्हटलं. मलाच माझा आवाज लहान वाटला.

"केला होता. तलावाच्या पाळीवरूनच केला होता. तुम्ही म्हनल्या, काका, फॉर्ममध्ये आहे तेवढंच भरा, बाकी नका सांगू, मी मीटिंगमध्ये आहे."

मला ते आठवलं. शब्द न् शब्द आठवला.

शुक्रवारी ऑफिसला जाऊन मी सरांना सगळं सांगितलं. सरांचा लगेच विश्वास बसला नाही. ते म्हणाले, ही सगळी त्याच्याच भागातली माणसं, त्याच्याच बाजूने बोलणार. शिंगाडा तू पाहिलास. तो डोंग्यात बसला हे कोणी पाहिलं? मी म्हटलं, सर, मशीनने पाहिलं. ते जिथे असेल तिथलीच जागा आपोआप नोंदवतं, काठावर बसून मधली जागा दाखवत नाही. आपण नकाशावरचं पाणी खरं धरलं आणि माणूस खोटा ठरवला. माणूस खरा धरून जागा पाहिलीच नाही.

मग मी ते तीन फॉर्म वगळून प्रोग्राम पुन्हा चालवला. तासाभराने नवा नकाशा आला. जुना नकाशा आणि नवा नकाशा एकावर एक ठेवले. आम्ही वाढलेली म्हणून दाखवलेली जमीन जवळजवळ सगळी तलावांवर होती. आपली रेघ खाली येऊन आडवी झाली. शेवटी किंचित उताराला लागली.

सरांनी ती रेघ पाहिली. "संस्थेला सांगणार कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, फॉर्म माझा होता, मी सांगते. नोकरी जाऊ शकत होती. आमच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी मी एकटी आहे.

सरांनी काकांचं पत्र उचललं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. मी टेबलापासून हलले नाही. त्यांनी वर पाहिलं. मी तरीही हलले नाही. मग त्यांनी ते बाहेर काढलं आणि फाडलं. "लिहून टाक संस्थेला," ते म्हणाले. "माझंही नाव घाल. तपासलं मी पण नव्हतं."

संस्थेला लिहिलं. नसरीन आपांनाही लिहिलं, शिंगाड्याचे फोटो जोडून. दोन दिवस त्यांचं उत्तर नाही. सरांना वाटलं, आता त्या आपली चूक सगळीकडे दाखवत फिरणार. मलाही तेच वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

आधी आमचं पत्र त्यांना खरं वाटलंच नव्हतं. काहीतरी मोठं लपवायला आम्ही ही शिंगाड्याची गोष्ट रचली, असं त्यांच्या ऑफिसात ठरलं होतं. आमचा खोटेपणा उघडा पाडायला त्यांनी त्यांचे सगळे तलाव आणि पाणथळ जागा नव्याने तपासायला काढल्या. आणि त्यांना त्यांचं स्वतःचंच सापडलं.

तिकडे घेर नावाचा प्रकार आहे. शेताभोवती उंच बांध घालतात. पावसापासून पुढे काही महिने आत पाणी भरून कोळंबी वाढवतात. हिवाळा सुरू झाला की पाणी काढतात आणि त्याच चिखलात धान लावतात. नोव्हेंबरच्या चित्रात ते सगळं निळं दिसतं. त्यांनी फेब्रुवारीचं चित्र पाहिलं तर तिथे हिरवागार धान उभा. घेर वर्षागणिक वाढत गेले, तशी त्यांची रेघ कागदावर खाली जात राहिली. आमच्याकडे पाणी जमिनीत धरलं गेलं होतं आणि त्यांच्याकडे जमीन पाण्यात. बरोबरी राखायला निवडलेल्या एकाच महिन्याने दोघांनाही फसवलं होतं.

"दीदी," त्या शेवटी म्हणाल्या, "मैंने आपके बारे में ऑफिस में बहुत कुछ बोला था."

मी म्हटलं, "मैंने भी."

नवा ग्राफ तयार झाला. दोन्ही रेघा जवळजवळ आडव्या, दोन्ही शेवटी थोड्या खाली झुकलेल्या. त्यात पाहण्यासारखं काही नाही, असं संस्थेचं म्हणणं पडलं. ग्राफ आतल्या पानावर गेला आणि मुखपृष्ठावर धानाच्या लोंबीचा फोटो आला. मला कोणी काढलं नाही. पुढचं काम मात्र त्या संस्थेने आम्हाला अजून दिलेलं नाही.

पत्र फाडल्यानंतरच्या सोमवारीच शेंडेकाका कामावर आले होते. सरांनी त्यांची माफी मागितली नाही, चहा मागवला. मी मागितली. काकांनी ती घेतली, पण एक अट घातली. तलावातला ठिपका आला की मी सोबत यायचं आणि डोंग्यात बसायचं. त्या हंगामात मी चार वेळा डोंग्यात बसले आणि एकदा पाण्यात पडले. काकांनी आधी मशीन सांभाळलं, मग मला हात दिला.

फॉर्म आता पुन्हा लांब झाला आहे. शेऱ्याच्या दोन ओळी परत आल्या आणि त्यांच्यावर एक नवा रकाना आला, 'पायाखाली काय आहे: माती / चिखल / पाणी.' मागच्या आठवड्यात काकांच्या एका फॉर्मवर शेरा होता, 'मधमाश्या. पळालो. नंतर परत गेलो.' मी तो अक्षर न् अक्षर टाइप केला.

संशय मला अजूनही लवकर येतो, आमच्या कामात तो लागतोच. पण आता मी आधी स्वतः आखलेला फॉर्म वाचून पाहते. बहुतेक वेळा तपास तिथेच संपतो.